फाटकावरचे दहा रुपये आणि नगरपरिषदेची थकबाकी

तालुक्याच्या गावातल्या एका नगरसेविकाताईंनी विचारलं आहे: आमच्या उपजिल्हा रुग्णालयात दुचाकीला दहा आणि चारचाकीला तीस रुपये पार्किंग घेतात. दुसरीकडे आमच्याच नगरपरिषदेनं त्या रुग्णालयाला मालमत्ता कराच्या थकबाकीची नोटीस दिली आहे. हे दोन्ही रद्द करा, असा ठराव मला मांडायचा आहे. वैद्यकीय अधीक्षक म्हणतात, पार्किंग बंद केलं तर चौकीदाराचा पगार कुठून देऊ? मुख्याधिकारी म्हणतात, कर माफ करायचा अधिकार आम्हाला नाही. यात खरं काय, आणि ठराव कसा करावा?

ताई, माझी सगळी नोकरी विदर्भातल्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांच्या कार्यालयांत गेली. पार्किंगच्या निविदा काढणं, रुग्ण कल्याण समितीची (रुग्णालयाचा स्थानिक पैसा सांभाळणारी समिती) इतिवृत्तं लिहिणं, नगरपरिषदेची मागणी बिलं नोंदवून घेणं, हे सगळं माझ्याच टेबलावर असायचं. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. पार्किंगचं शुल्क पूर्ण बंद करा, एक रुपयाही ठेवू नका. मालमत्ता कराचं मात्र नुसतं 'रद्द करा' म्हणू नका. तो कर रुग्णालयाच्या डोक्यावरून काढावा आणि त्याऐवजी सेवाशुल्क राज्य शासनानं थेट भरावं, अशी मागणी करा. दोन्ही मागण्या ऐकायला सारख्या वाटतात, पण पार्किंगमध्ये पैसा रुग्णाच्या नातेवाइकाच्या खिशातून जातो आणि करामध्ये तो एका सरकारी खात्यातून दुसऱ्या सरकारी संस्थेकडे जायचा असतो. दोन्ही एका ठरावात बांधल्या, तर कराच्या गुंत्यात पार्किंगही अडकून पडेल.

आधी पार्किंग. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांमध्ये केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं निःशुल्क झालं. त्याआधी केसपेपरला दहा रुपये पडायचे. निर्णय झाल्यावर आमच्या भागातल्या माणसांनी फाटकावर विचारलेला प्रश्न अगदी सरळ होता: "कायचे पैसे जी? दवाखाना तं फुकट झाला ना!" पावती फाडणाऱ्या पोराला काय उत्तर देता येणार? शासनानं खिडकीवरचे दहा रुपये सोडले आणि नेमके तेवढेच दहा रुपये फाटकावर चालू राहिले. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तर बाळंतिणीला घरून आणणं, प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि परत घरी सोडणं, सगळं मोफत आहे. तिच्या घरच्यांना खिशात हात घालावा लागू नये, हाच त्यामागचा हेतू. पण तिचा नवरा मागून मोटारसायकलवर येतो, तेव्हा त्याला खिशात हात घालावाच लागतो.

दहा रुपयांनी काय होतं, असं म्हणणारा माणूस ओपीडीत एकदा येऊन जाणाऱ्याचा विचार करतो. भरती रुग्णाचा हिशेब वेगळा असतो. गाव बारा-पंधरा किलोमीटरवर. सकाळी डबा घेऊन कुणीतरी येतं, संध्याकाळी दुसरा डबा येतो, मधे कुणाला तरी बाहेरून सोनोग्राफी करून आणायला किंवा रक्ताची पिशवी आणायला जावं लागतं. बहुतेक ठिकाणी पावती दिवसाची नसते, प्रत्येक वेळी आत शिरताना नवी फाडतात. दिवसाला तीन फेऱ्या धरल्या, तर पाच दिवसांच्या भरतीत दीडशे रुपये झाले. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी रोज ३१२ रुपये होती. म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी नुसती गाडी उभी करण्यात गेली, आणि सोबत बसणाऱ्याची त्या पाच दिवसांची मजुरी आधीच बुडालेली आहे.

मुळात मोटारसायकल कोण आणतं, तेही बघा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे दिवसा बीपी-शुगरची गोळी न्यायला येणारी बुढी एसटीनं येते. मोटारसायकल निघते ती एसटी नसताना: रात्री, नाल्याला पूर असताना, साप चावल्यावर. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशी-सोयाबीनवर फवारणी चालते. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, ते अख्ख्या देशानं वाचलं. अशी माणसं येतात ती शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या गाडीवर, तिघं मिळून, मधल्याला मागच्यानं कवेत धरलेलं. त्या गाडीला फाटकावर दोरी आडवी लावून सुटे पैसे मागणं मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. हौस म्हणून गाडी घेऊन येणाऱ्यावर हे शुल्क बसतच नाही. ज्याच्यापुढं दुसरा उपाय नाही, त्याच्यावरच ते बसतं. मेळघाटातून अमरावतीला किंवा भामरागडहून गडचिरोलीला रेफर झालेल्या रुग्णामागं भाड्याची जीप येते. तिचे तीस रुपये जीपवाला भाड्यात आधीच धरून ठेवतो.

आता अधीक्षकांचा मुद्दा, की पैसा कुठून आणायचा. त्यासाठी हा पैसा खरोखर कुणाला मिळतो ते आधी मोजा. पार्किंगचा ठेका बहुतेक अकरा महिन्यांचा असतो आणि सर्वात जास्त देकार (बोली) देणाऱ्याला मिळतो. समजा दिवसाला दीडशे दुचाक्या आल्या. दहाच्या हिशेबानं रोजचे दीड हजार, महिन्याचे पंचेचाळीस हजार. ठेकेदाराला त्यातून पोरांची मजुरी, पावतीपुस्तकं आणि स्वतःचा नफा काढायचा असतो, म्हणून समितीला देकार येतो दहा-बारा हजारांचा. म्हणजे लोकांनी पंचेचाळीस हजार द्यायचे तेव्हा कुठे रुग्णालयाच्या हाती दहा-बारा लागणार. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत; तुमच्या रुग्णालयाचे खरे आकडे सहज निघतात. पावतीपुस्तकावर अनुक्रमांक असतो. आठवडाभर रोज सकाळी पहिल्या पावतीचा आणि रात्री शेवटच्या पावतीचा क्रमांक टिपून घ्या, दरानं गुणा, आणि समितीच्या रोकडवहीत ठेकेदाराकडून महिन्याला काय जमा होतं त्याच्याशेजारी मांडा. सभेत हा एक कागद ठेवला की भाषणाची गरज पडत नाही. पुस्तकावर अनुक्रमांकच नसतील, तर तोच मोठा मुद्दा आहे. तो लेखी विचारा.

पैसे देणाऱ्याला बदल्यात काय मिळतं? बऱ्याच ठिकाणी शेड नसते, भिंत नसते, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गाडी उघड्यावर तापते, आणि पावतीच्या मागं छापलेलं असतं: गाडी व सामानाची जबाबदारी मालकाची. राखण करायची म्हणून पैसे घ्यायचे आणि राखणीची जबाबदारी मात्र नाकारायची, हे चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये एका हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं, की ग्राहकानं चावी देऊन गाडी ताब्यात दिली असेल, तर 'मालकाच्या जोखमीवर' असं छापून सुटका होत नाही. तो निकाल हॉटेलचा आहे हे खरं, पण तुमच्या फाटकावर चावी ठेवून घेत असतील, तर ठेकेदाराला तो जरूर दाखवा. शिवाय २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत रुग्णालयाच्या इमारतीला पार्किंगची जागा सोडणं बंधनकारक आहे. नकाशा मंजूर होतानाच ती जागा रुग्णालयाचा भाग म्हणून धरलेली असते. वॉर्डात बसायच्या बाकाचं भाडं आपण घेत नाही, तसंच हेही.

पण एका गोष्टीत अधीक्षकांचं म्हणणं मी पूर्ण मानतो. शुल्क बंद झालं आणि त्याबरोबर व्यवस्थाही बंद झाली, तर रुग्णालयाचं मैदान दोन आठवड्यांत तुंबतं. तालुक्याची गावं तुम्हाला ठाऊक आहेत: रुग्णालयाला लागून तहसील, पलीकडे कोर्ट, जवळच आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी फुकट आणि सावलीची जागा दिसली की पंचक्रोशीच्या गाड्या आत येतात आणि १०८ ला अपघात विभागापर्यंत जायला वाट उरत नाही. रुग्णवाहिका मागे घेता येत नाही म्हणून स्ट्रेचर मैदानातून ढकलत नेलेलं मी पाहिलं आहे. वेल्स आणि स्कॉटलंडनं सरकारी रुग्णालयांचं पार्किंग २००८-०९ च्या सुमारास मोफत केलं, पण जिथं खासगी कंपनीशी जुने करार होते तिथं शुल्क वर्षानुवर्षं चालू राहिलं. स्कॉटलंडला शेवटी २०२१ मध्ये ते करार विकत घेऊन मोकळं व्हावं लागलं. त्यावरून आपण घ्यायचा धडा म्हणजे नवा ठेका देऊच नका, चालू ठेक्याला मुदतवाढ देऊ नका, आणि करारात महिन्याच्या पूर्वसूचनेची अट असेल तर ती आजच काढून बघा. इंग्लंडनं सरसकट माफी दिली नाही, पण दिव्यांग, वारंवार येणारे रुग्ण, मुक्कामी आजारी मुलांचे आईवडील आणि रात्रपाळीचे कर्मचारी यांना तिथंही सूट आहे. शुल्क घेणाऱ्यांनाही कुणाकडून घेऊ नये हे कळतं, एवढं त्यातून दिसतं.

व्यवस्था कशी ठेवायची, ते जरा सविस्तर सांगतो, कारण विरोध इथंच होतो. फाटकावर माणूस राहू द्या, टोकनही राहू द्या, फक्त पैसे घेऊ नका. ओपीडीला आलेला माणूस केसपेपर दाखवून टोकन परत करतो. भरती रुग्णाच्या घरच्यांना वॉर्डातल्या परिचारिकेनं एक साधं कार्ड द्यायचं, त्यावर वॉर्ड, खाटेचा क्रमांक आणि गाडीचा नंबर. सुट्टी होईपर्यंत ते चालतं, डबा आणणारा तेच दाखवतो. ज्याच्याकडं केसपेपर नाही आणि कार्डही नाही, त्याची गाडी बाजाराची आहे. अपघात विभागाच्या पोर्चपर्यंत पिवळ्या पट्ट्याची वाट आखा, तिथं आमदारांचीही गाडी थांबणार नाही असं लिहून लावा आणि पाळा. तातडीचा रुग्ण घेऊन आलेल्या गाडीला टोकनसुद्धा विचारायचं नाही. माणूस आत गेल्यावर चौकीदारच गाडी बाजूला लावेल. एक गोष्ट अनेक जण बोलत नाहीत, ती मी बोलतो: सावलीतली, वॉर्डाजवळची जागा आपल्याच कर्मचाऱ्यांच्या गाड्यांनी भरलेली असते. अप-डाउन करणाऱ्यांनी मागच्या बाजूला गाडी लावावी आणि निंबाखालची जागा रुग्णाच्या नातेवाइकांना सोडावी. हा बदल फुकट होतो आणि पहिल्याच दिवशी दिसतो.

चौकीदाराचा पगार हा खरा खर्च आहे, आणि त्याला खरी सोय लागते. रुग्ण कल्याण समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, येतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय असेल तर उपचारांच्या दाव्यांची रक्कम येते. उपाहारगृह आणि एटीएमच्या जागेचं भाडं असतं. तिथं जाणारा माणूस त्या क्षणी अडलेला नसतो, त्यामुळे ते भाडं घ्यायला माझी हरकत नाही. उपाहारगृह बचत गटाला दिलंत तर जेवणही बरं मिळतं. शेडसाठी जिल्हा नियोजन समितीकडं किंवा आमदार निधीतून मागणी करता येते. आणि पार्किंगवर बसणारी पोरं गावातलीच असतात. ठेका संपला म्हणून त्यांना घरी पाठवू नका. रुग्णालयाच्या सुरक्षेच्या कंत्राटात घ्या. रात्री वॉर्डाबाहेर माणूस हवाच असतो, सिस्टरांना विचारा.

हे सगळं ठरवण्याचा अधिकार मात्र तुमच्या नगरपरिषदेला नाही, हे ध्यानात घ्या. पार्किंगचा दर आणि ठेका रुग्ण कल्याण समितीचा, अधीक्षक तिचे सदस्य सचिव. नगरपरिषद शिफारस करू शकते, आणि तुमच्या हातात असलेली मोठी गोष्ट देऊ शकते: बाजाराच्या दिवशी गाड्या लावायला दुसरी जागा. ती दिलीत तर अधीक्षकांचा अर्धा विरोध मावळेल.

आता कर. आधी कायद्याचा पाया. संविधानाच्या अनुच्छेद २८५ नुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याचा किंवा स्थानिक संस्थेचा कर लागत नाही. राज्य सरकारच्या इमारतींना संविधानानं नगरपरिषदेच्या करापासून असं कवच दिलेलं नाही. तुमचं उपजिल्हा रुग्णालय राज्याचं आहे. म्हणून फेब्रुवारी-मार्च आला की 'शासकीय कार्यालयांकडं नगरपरिषदेची लाखोंची थकबाकी' अशा बातम्या विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या पानावर दिसतात आणि त्या यादीत पोलीस ठाण्याशेजारी रुग्णालयाचं नाव असतं.

नगरपरिषदेला दोष देण्याआधी तिची बाजू समजून घ्या. तुम्ही तिथं बसता, तेव्हा तुम्हाला ती ठाऊक असेलच. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. तेव्हापासून स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. पंधराव्या वित्त आयोगानं तर शहरांच्या अनुदानाला अटच घातली, की मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीनं वाढली पाहिजे. मागणी वहीत लिहिलेली आणि वसूल न झालेली प्रत्येक रक्कम त्या टक्केवारीला खाली ओढते. म्हणून मुख्याधिकारी माफीला हात लावत नाहीत. आणि रुग्णालय शहराच्या सेवा वापरतंच. नळाचं पाणी, रस्त्याचे दिवे, नाली, घंटागाडी. सुया, ड्रेसिंग, रक्ताच्या पिशव्या असा जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे वेगळ्या रंगाच्या पिशव्यांतून वेगळ्या केंद्राकडं जातो आणि त्याचे पैसे रुग्णालय वेगळे देतं. पण नातेवाइकांच्या डब्यातलं उरलेलं अन्न, पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या नगरपरिषदेची गाडीच उचलते. ही उचल बंद झाली तर त्रास रुग्णालयालाच होईल.

मग रुग्णालय कर का भरत नाही? पैसे नाहीत म्हणून, असं सगळे म्हणतात. खरं कारण बरेचदा याहून साधं असतं. राज्याच्या अंदाजपत्रकात खर्च उद्दिष्टांप्रमाणे विभागलेला असतो: ०६ म्हणजे दूरध्वनी, वीज, पाणी, १३ म्हणजे कार्यालयीन खर्च, २१ म्हणजे सामग्री व पुरवठा, आणि १४ म्हणजे भाडेपट्टी व कर. मालमत्ता कर या १४ मधून भरायचा असतो. दरवर्षी अंदाजपत्रक पाठवताना लिपिक मागच्या वर्षीचा आकडा उतरवतो. मागच्या वर्षी १४ खाली शून्य होतं म्हणून यंदाही शून्य. मागितलंच नाही, तर बीडीएसवर (शासनाच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) तरतूद येणार कुठून? नगरपरिषदेचं बिल येतं, आवक क्रमांक पडतो, फाइलमध्ये जातं. त्यावर दरमहा दोन टक्के शास्ती (दंड) चढते; लाखाच्या थकबाकीवर वर्षाला चोवीस हजार. चार-पाच वर्षांनी रक्कम मूळ कराच्या दुप्पट होते, नळ तोडण्याची नोटीस येते, आणि मग कुणीतरी सुचवतं की रुग्ण कल्याण समितीच्या खात्यातून भरून टाका. ते होऊ देऊ नका. समितीचा पैसा आयत्या वेळी संपलेल्या इंजेक्शनसाठी, जळालेल्या पाण्याच्या मोटारीसाठी, बेवारस रुग्णाच्या जेवणासाठी असतो. दोन सरकारी कार्यालयांच्या हिशेबासाठी तो नाही.

म्हणून पहिलं काम: बिल नीट वाचा. एका बिलात अनेक ओळी असतात: एकत्रित मालमत्ता कर, शिक्षण कर, रोजगार हमी उपकर, वृक्ष कर, अग्निशमन, विशेष स्वच्छता, पाणीपट्टी. यातल्या काही ओळी कराच्या, काही सेवेच्या. सेवेच्या ओळींवर भांडू नका. कराच्या ओळींवर आकारणी तपासा. दर चार वर्षांनी नगरपरिषद फेरआकारणी करते, तेव्हा हरकतीसाठी मुदत देते, आणि रुग्णालयाकडून हरकत घ्यायला कुणी जात नाही. त्यामुळे पाडलेला जुना बाळंतपणाचा वॉर्ड आकारणी वहीत उभाच राहतो, मोडकळीला आलेली, कुणी राहत नसलेली निवासस्थानं चालू दरानं लागतात, आणि भाड्यानं दिलेल्या औषध दुकानाच्या एका गाळ्यामुळे शेजारची ओपीडीही वाणिज्य म्हणून धरली जाते. अशा नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या शाखा अभियंत्याला आणि कर निरीक्षकाला एकाच दिवशी बोलवा, टेप धरून मोजणी करा, दोघांची सही घ्या. दुकान, उपाहारगृह, एटीएम यांची वेगळी आकारणी करून तो कर त्या भाडेकरूकडूनच घ्या; तो रुग्णालयानं भरायचं कारण नाही. शास्तीसाठी २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं नगरपरिषदांच्या क्षेत्रात शास्तीमाफीच्या अभय योजनेला मान्यता दिली आहे. त्याखाली रुग्णालयाचा अर्ज लागलाय का, तेवढं मुख्याधिकाऱ्यांना विचारा.

दुसरं काम धोरणाचं, आणि तुमचा ठराव खरा इथं उपयोगी पडेल. केंद्राच्या इमारतींबाबत हा तंटा आधीच मिटवलेला आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात ठरलं, की केंद्राच्या इमारतींना मालमत्ता कर नाही, पण सेवाशुल्क आहे: सगळ्या सेवा वापरत असतील तर कराच्या ७५ टक्के, काही वापरत असतील तर ५० टक्के, आणि काहीच वापरत नसतील तर एक-तृतीयांश. राज्यानं आपल्या रुग्णालयांना हाच नियम लावावा, असं माझं म्हणणं आहे. कर माफ, सेवाशुल्क चालू, आणि ती रक्कम रुग्णालयाच्या फाइलीतून न फिरता वित्त विभागातून थेट नगरपरिषदेला. अधीक्षकाच्या टेबलावर बिलच येऊ नये. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १९८७ पासून रुग्णालयाच्या प्रत्येक खाटेमागं वर्षाला ७५ डॉलर शहराला कराऐवजी मिळतात. मोजायला सोपं, भांडण नाही, पण रक्कम तिथंच गोठली आणि शहरांची तक्रार सुरू झाली. खाटेप्रमाणे ठरवायचं असेल तर दर चार वर्षांच्या फेरआकारणीबरोबर दरही बदलेल, असं आधीच लिहून घ्यावं. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयं आजही स्थानिक कर भरतात. धर्मादाय संस्थांसारखी ८० टक्के सूट मिळावी म्हणून ती कोर्टात गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये हरली. म्हणजे कोर्टाच्या वाटेनं हे सुटेलच असं नाही. सरकारनंच ठरवायला हवं.

नुसती माफी का मागू नये, हेही स्पष्ट सांगतो. माफी दिली आणि भरपाई दिली नाही, तर नगरपरिषद ती तूट दोनच ठिकाणी भरून काढेल: घरपट्टीत किंवा सेवेत. घरपट्टी वाढली तर त्याच रुग्णाच्या घरावर वाढेल. सेवा कमी झाली तर उन्हाळ्यात रुग्णालयाचा टँकर सर्वात आधी चुकेल, कारण ज्याच्याकडून काही मिळत नाही त्याचा नंबर शेवटी लागतो. छोट्या 'क' वर्ग नगरपरिषदेत ही भीती खरी आहे.

गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची गोष्ट वेगळी. तिथं इमारत जिल्हा परिषदेची, संबंध ग्रामपंचायतीशी, पार्किंगचा ठेका नसतो. करापेक्षा पाण्याचं कनेक्शन आणि रस्त्याचा दिवा हाच तिथला विषय. त्यासाठी ग्रामसभा पुरेशी आहे. हा वाद तिथं नेऊ नका.

धर्मादाय न्यासांची रुग्णालयं 'आम्ही पण सार्वजनिकच' म्हणत या ठरावात शिरू पाहतील. त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, शिवाय बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. ते पाळत असतील त्यांचा विचार जरूर व्हावा, पण वेगळ्या कागदावर. ठरावात 'शासकीय रुग्णालय' हाच शब्द वापरा.

तर ताई, ठराव दोन करा. पहिला रुग्ण कल्याण समितीला शिफारस: पार्किंग शुल्क चालू ठेक्याच्या मुदतीअखेर बंद करावं, निःशुल्क टोकन व भरती रुग्णाचं कार्ड सुरू करावं, तातडीच्या गाडीला अटकाव नसावा, आणि बाजाराच्या दिवशी अमुक सर्व्हे नंबरची जागा नगरपरिषद पार्किंगला देईल. जागेचा उल्लेख ठरावातच हवा, नाहीतर ती कधीच मिळणार नाही. दुसरा नगरविकास आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही विभागांना: शासकीय रुग्णालयांना मालमत्ता कराऐवजी सेवाशुल्क लावावं, ते राज्यानं थेट द्यावं, आजवरची शास्ती माफ करावी, आणि निर्णय होईपर्यंत रुग्णालयाचं पाणी व कचरा-उचल बंद करू नये. हे शेवटचं वाक्य तुमच्या मुख्याधिकाऱ्यांच्या अधिकारात बसतं, त्यावर आग्रह धरा. फेब्रुवारीत नगरपरिषदेचं अंदाजपत्रक होतं, त्याआधीच्या सभेत दोन्ही घ्या.

शासनाचा निर्णय येईपर्यंत वर्षं जातील, तोवर मूळ कर साचत राहील. म्हणून अधीक्षकांना आजच एक पत्र द्या: पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडं जाईल तेव्हा उद्दिष्ट १४ खाली चालू कराची आणि थकबाकीची रक्कम मागणी बिलाच्या प्रतीसह मागावी. पत्राची पोच घ्या, आणि सुधारित अंदाजाच्या वेळी जाऊन त्या ओळीत आकडा पडलाय की शून्य, ते स्वतः बघा.